ठेवायची बर्बन, द्यायची बर्बन: वाचकांचे प्रश्न

दिवाळीपासून नाताळापर्यंत संपादकांकडे येणाऱ्या पत्रांत बर्बनची, म्हणजे मक्यापासून केलेल्या अमेरिकन व्हिस्कीची, पत्रं हमखास वाढतात. कुणाला गावी न्यायची असते, कुणाला साहेबांना द्यायची असते, कुणाला कपाटात ठेवून द्यायची असते. मी केंटकीत लुईव्हिलला राहते आणि एका डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत पिंपांतले नमुने तपासायचं, चाखायचं काम करते, म्हणून ही पत्रं माझ्याकडे आली. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देते आहे.

ताई, डिसेंबरात सासऱ्यांची पंचाहत्तरी आहे, त्यासाठी पुण्याला जातोय. ते आयुष्यभर स्कॉचच घेत आले, संध्याकाळी एक पेग, पाणी घालून. बर्बन कधी चाखलेली नाही. शंभर डॉलरपर्यंत खर्च करू शकतो. दुकानदार ब्लँटन्स घ्या म्हणतोय, १८० डॉलरला. घेऊ का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

आधी सासूबाईंना फोन करा. पंचाहत्तरीच्या माणसाची औषधं बदललेली असतात, डॉक्टरांनी तो एक पेगही बंद केलेला असू शकतो आणि जावयाला ते कुणी सांगितलेलं नसतं. तिकडून होकार आला की पुढे वाचा.

ब्लँटन्स उत्तम आहे, पण १८० डॉलरला घेऊ नका. ती बाटली कंपनी ज्या किमतीला विकावी म्हणते, त्याच्या दुपटीहून जास्त तुमच्याकडे मागताहेत. ते जास्तीचे पैसे टंचाईचे आहेत, आणि सासऱ्यांच्या पेल्यात टंचाई उतरत नाही.

त्यांना काय आवडेल ते बघू. बर्बनमध्ये कायद्यानेच निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान ५१ टक्के मका लागतो, आणि ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. स्कॉच बहुतेक करून वापरलेल्या पिंपांत मुरते, त्यातली कितीतरी पिंपं आमच्याकडूनच तिकडे जातात. कोऱ्या, जळक्या लाकडातून व्हॅनिला, कॅरॅमल, काकवीसारखा गोडवा असं सगळं जोरात उतरतं. आयुष्यभर स्कॉच घेतलेल्या माणसाला पहिल्या घोटाला तोच गोडवा बोचतो. ‘हे फार गोड आहे बुवा’ हे वाक्य मी इथल्या मराठी घरांत सतत ऐकते. तेव्हा गोडव्याला छेद देणारी, राय जास्त असलेली बर्बन निवडा. राय हे धान्य मिरी-लवंगेकडे झुकणारा तिखटपणा आणतं.

माझी निवड फोर रोझेस सिंगल बॅरल. त्यात ६० टक्के मका, ३५ टक्के राय आणि ५ टक्के माल्ट केलेली बार्ली असते. केंटकीतल्या मोठ्या नावांत इतकी राय घालणारे थोडेच. लॉरेन्सबर्गच्या या डिस्टिलरीत धान्याची दोन मिश्रणं आणि पाच यीस्ट, अशा दहा वेगवेगळ्या पाककृतींनी व्हिस्की गाळतात. सिंगल बॅरलसाठी त्यातली एकच घेतात, आणि एका बाटलीत एकाच पिंपातला माल असतो. त्यांच्या वखारी एकमजली आहेत. उंच वखारीत वरच्या मजल्यावरचं पिंप तापतं आणि खालचं थंड राहतं, तसा फरक इथे फारसा पडत नाही. वखारीचा आणि पिंपाचा क्रमांक बाटलीवर असतो. मुरलेला स्कॉचप्रेमी असे क्रमांक चष्मा लावून वाचतो.

दुसरं कारण पाण्याचं. ही ५० टक्के अल्कोहोलची आहे. सासरे पेगाइतकंच पाणी घालत असतील तर पेल्यात २५ टक्के उरेल आणि चवीचा कणा शाबूत राहील. ४० टक्क्यांच्या बाटलीत तेवढंच पाणी घातलं तर २० टक्के उरतात आणि बर्बन पातळ, नुसती गोडसर लागते. पाणी घालून पिणाऱ्याला नेहमी चढ्या टक्क्यांची बाटली द्यावी. बरेच लोक नेमकं उलट करतात, ‘त्यांना सौम्य हवी’ म्हणून ४० टक्क्यांची नेतात.

ही बाटली पन्नास डॉलरच्या आसपास येते. उरलेल्या पैशात रसेल्स रिझर्व्ह १० वर्षांची घ्या, ४५ टक्क्यांची आहे, पाहुण्यांना नुसती चाखायलाही बरी. मेकर्स मार्क, जिम बीम, वुडफर्ड रिझर्व्ह मात्र इथून ओझं करून नेऊ नका. भारताने फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्बनवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणलं. तरी तिथे त्या महागच पडतात, पण मिळतात. जे तिथल्या दुकानात दिसत नाही ते नेण्यात मजा आहे.

सामानाचं गणित असं: भारतात उतरताना माणशी दोन लिटर मद्य शुल्काशिवाय नेता येतं. अमेरिकेतली बाटली ७५० मिलिलिटरची. दोन झाल्या की दीड लिटर होतं, तिसरीला हद्द ओलांडते. बाटल्या चेक-इन सामानातच ठेवाव्या लागतात, कंपनीच्या सीलसकट. विमानात ७० टक्क्यांवरचं मद्य अजिबात चालत नाही, पण तुमच्या दोन्ही बाटल्या त्याच्या बऱ्याच खाली आहेत. प्रत्येक बाटली आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग दोन जाड सदऱ्यांत गुंडाळा आणि बॅगेच्या मधोमध ठेवा, चाकांच्या बाजूला नको. विमानतळावरच्या दुकानातून घेतलीत तर सीलबंद पिशवी आणि पावती पुण्यात घरी पोचेपर्यंत फोडू नका. वाटेत विमान बदलताना पुन्हा तपासणी होते आणि उघडी पिशवी काढून घेतात.

वडोदऱ्याला मेहुण्याकडे लग्न आहे. दोन चांगल्या बर्बन नेऊ का?
— एक वाचक, शिकागो

नाही. गुजरातेत दारूबंदी आहे, लग्नघरात पोलीस नकोत. आपल्याकडेही वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत बंदी आहे, तिकडे जाणाऱ्यांनी हेच उत्तर आपलं समजावं.

माझ्याकडे ब्लँटन्सच्या पाच बाटल्या झाल्यात, बुचांवरचे सगळे घोडे जमवायचेत. मित्र म्हणतो, ब्लँटन्स सोड, पॅपी वॅन विंकल घेऊन ठेव, दहा वर्षांत दामदुप्पट. एका फेसबुक ग्रुपवर १५ वर्षांची पॅपी विकायला आहे, विकणारा मराठीच आहे. पैसे पाठवू का?
— एक वाचक, डॅलस

पाठवू नका. विकणारा मराठी आहे म्हणून बाटली खरी ठरत नाही. परवान्याशिवाय मद्य विकणं बेकायदा आहे, आणि टपालाने म्हणजे यूएसपीएसने मद्य पाठवायला बंदीच आहे. शिवाय पॅपीच्या आणि ब्लँटन्सच्या रिकाम्या बाटल्यांना बाजार आहे. रिकामी बाटली कुणी कशाला विकत घेईल, याचा विचार करा. त्यात दुसरी व्हिस्की भरून वर नवं सील चढवतात. छायाचित्रावरून ते मलाही ओळखता येणार नाही. घ्यायचीच असेल तर परवानाधारक दुकानातून घ्या. केंटकीत २०१८ पासून एक चांगली सोय आहे: घरोघरी पडून असलेल्या जुन्या, सीलबंद बाटल्या दुकानदारांना खासगी मालकांकडून रीतसर विकत घेऊन विकता येतात. पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनियात सरकारी दुकानं दुर्मिळ बाटल्यांची सोडत काढतात, तिथे कुणी नातेवाईक असेल तर त्याला नाव घालायला सांगा. सोडतीत लागली तर कंपनीच्या किमतीला मिळते आणि खरी असते.

आता पॅपीविषयी, कारण या नावाभोवती फार धुकं आहे. ज्या जुन्या पॅपीवर लोक भाळले, ती लुईव्हिलच्या स्टिट्झेल-वेलर डिस्टिलरीत गाळलेली होती. ती डिस्टिलरी १९३५ मध्ये केंटकी डर्बी या घोड्यांच्या शर्यतीच्या दिवशी सुरू झाली, वॅन विंकल कुटुंबाच्या हातून १९७२ मध्ये गेली आणि तिथलं गाळप १९९२ मध्ये थांबलं. २००२ पासून वॅन विंकलची व्हिस्की केंटकीतल्याच फ्रँकफर्टच्या बफेलो ट्रेस डिस्टिलरीत तयार होते. म्हणजे आज तुम्हाला देऊ केलेली १५ वर्षांची बाटली त्या दंतकथेतल्या डिस्टिलरीची नाही. ती वाईट आहे असं अजिबात नाही. ५३.५ टक्क्यांची ही १५ वर्षांची मला त्या मालिकेत सगळ्यात आवडते. राईऐवजी गहू घातल्यामुळे ती मऊ, भरीव लागते. पण तिची सुचवलेली किंमत शे-दोनशे डॉलरमधली आणि बाहेर मागतात त्याच्या कितीतरी पट.

२३ वर्षांची पॅपी त्याहून महाग, आणि ती मी भेट म्हणूनही सुचवणार नाही. कोऱ्या जळक्या ओकमध्ये, आमच्या इथल्या उकाड्यात, वीस वर्षांच्या पुढे लाकूड सगळ्यावर कुरघोडी करतं. घशात कोरडा, कडवट तुरटपणा राहतो. स्कॉटलंडच्या थंडीत, वापरलेल्या पिंपात पंचवीस वर्षं सोसतात. केंटकीत पिंपातला तीन-चार टक्के माल दरसाल हवेत उडून जातो. २३ वर्षांनी पिंप उघडलं की तळाशी थोडंच उरलेलं असतं, आणि त्या थोडक्याचीच किंमत लागते. वय आणि किंमत एकत्र चढतात ती या उडून गेलेल्या मालामुळे. चवीचं वय वेगळं असतं, आणि बर्बनला माझ्या मते ते आठ ते बारा वर्षांच्या मध्ये कुठेतरी येतं.

गव्हाची बर्बन आवडत असेल तर मेकर्स मार्कची कास्क स्ट्रेंग्थ घ्या, नाहीतर लार्सनीची बॅरल प्रूफ, म्हणजे पाणी घालून सौम्य न करता पिंपातून तशीच भरलेली. दोन्ही कुठल्याही बऱ्या दुकानात वाट बघितली की मिळतात, आणि पॅपीच्या एका बाटलीच्या पैशांत त्यांची अख्खी खोकी येतात.

राहिली ब्लँटन्स. मुख्य डिस्टिलर एल्मर टी. ली यांनी ती १९८४ मध्ये आणली, सिंगल बॅरल म्हणून बाजारात आलेली ही पहिली बर्बन. ते लेबल एकदा भिंग घेऊन वाचा: पिंप कोणत्या तारखेला रितं केलं ती तारीख, वखारीचं अक्षर, रॅकचा क्रमांक, पिंपाचा क्रमांक. वखार नेहमी ‘एच’ असते. ती पत्र्याच्या भिंतींची आहे, विटांच्या वखारींपेक्षा लवकर तापते आणि लवकर निवते. तापली की व्हिस्की लाकडात शिरते, निवली की बाहेर येते, त्यामुळे तिथलं मुरणं जोरकस होतं. तुमच्या पाच बाटल्या म्हणजे पाच वेगळी पिंपं. मित्रांना बोलावून त्यातल्या दोन शेजारी शेजारी ओतून चाखा, फरक जिभेला लगेच कळेल. घोड्यांची बुचं आठ आहेत, प्रत्येकावर नावाचं एकेक अक्षर, आणि आठ मिळून घोडा उभा असल्यापासून अंतिम रेषा ओलांडेपर्यंतची शर्यत होते. बाटली संपली तरी बूच तुमच्याकडेच राहतं, तेव्हा त्यासाठी बाटल्या भरलेल्या ठेवायची गरज नाही.

आमची मुलगी यंदा मार्चमध्ये जन्मली. तिच्या पंचविसाव्या वाढदिवसाला उघडायला एक बाटली आजच ठेवायची आहे. कोणती टिकेल? तोवर ती जास्त छान होईल ना?
— एक जोडपं, नाशिक

पंचवीस हा आकडा तुम्ही बरोबर धरलात, महाराष्ट्रात बिअर-वाइन सोडून बाकी मद्याला तेच वय लागतं.

छान होणार नाही, आहे तशीच राहील. मुरणं पिंपात असतं, काचेत नाही. बारा वर्षांची बर्बन बाटलीत पंचवीस वर्षं ठेवली तरी ती बारा वर्षांचीच. मला यातच गोडी वाटते: तुमची लेक पंचविशीत जो घोट घेईल तो आजचा घोट असेल.

तिच्या जन्मसालाची हवी असेल तर एक खास प्रकार आहे, ‘बॉटल्ड इन बाँड’. भेसळ फार माजली म्हणून अमेरिकेने १८९७ मध्ये त्याचा कायदा केला. एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीतल्या वखारीत किमान चार वर्षं मुरवलेली आणि बरोबर ५० टक्क्यांवर भरलेली व्हिस्कीच हे नाव लावू शकते. हंगाम दोन: जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर. तुमची लेक मार्चची, म्हणजे पहिल्या हंगामाची. पण त्या हंगामात गाळलेली बाँडची व्हिस्की चार वर्षं तरी पिंपाबाहेर येणार नाही. तेव्हा आज घाई नको. ती शाळेत जायला लागली की शोधायला लागा. ओल्ड फिट्झजेराल्डच्या बाँड बाटल्या वसंतात आणि शरदात निघतात आणि त्यांच्या गळ्यावरच्या पट्टीवर गाळल्याचा व भरल्याचा काळ छापलेला असतो. त्या बहुधा आठ वर्षांच्या पुढच्या असतात, म्हणजे लेक तिसरी-चौथीत किंवा त्याही पुढे गेलेली असेल. अमेरिकेतल्या कुणाला तरी आत्ताच सांगून ठेवा.

आजच काही ठेवायचं असेल तर ब्लँटन्स, तिच्या जन्माच्या महिन्यातली पिंप रितं केल्याची तारीख बघून.

ठेवायची रीत मात्र नीट पाळा. पंचवीस वर्षांत सगळ्यात आधी बूच दगा देतं. प्रयोगशाळेत आम्ही नमुन्यांच्या बाटल्यांच्या तोंडाला पॅराफिल्म लावतो, मेणासारखी ताणली जाणारी पातळ पट्टी असते. ती रसायनांच्या दुकानात मिळते. बूच आणि गळा मिळून तीन-चार वेढे ताणून घ्या आणि दर काही वर्षांनी बदला. बाटली उभी ठेवा, खोक्यात, आतल्या खोलीतल्या कपाटात खालच्या कप्प्यात. माळ्यावर अजिबात नको, नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये स्लॅबखालचा माळा भट्टीसारखा तापतो. ठेवण्यापूर्वी स्वयंपाकघरातल्या काट्यावर बाटलीचं वजन करून खोक्यावर लिहा आणि दर वाढदिवसाला पुन्हा करा. पट्टी बदललीत की वजन नव्याने लिहा. वजन उतरायला लागलं की बूच गळतंय हे सील न फोडता कळतं. आणि जमलं तर दोन घ्या. एकीचं बूच गेलं तरी दुसरी असते.

बाबा गेल्यानंतर त्यांच्या कपाटात वाइल्ड टर्कीची निम्मी बाटली सापडली, बरीच वर्षं आडवी पडलेली. बूच ठिसूळ झालंय, तळाशी काळे कण आहेत. फेकवत नाही. पिता येईल का? क्रिस्टलच्या डिकँटरमध्ये ओतून शोकेसमध्ये ठेवावी असा विचार आहे.
— एक वाचक, ठाणे

फेकू नका. तुमच्या बाबांनीच उघडलेली आणि ठेवलेली असेल तर पिता येईल. ४० टक्क्यांच्या वरच्या मद्यात जंतू वाढत नाहीत. काळे कण बहुधा बुचाचे आहेत. वाइन आडवी ठेवतात ती बूच ओलं राहावं म्हणून, पण व्हिस्कीचं अल्कोहोल तेच बूच पोखरतं, म्हणून व्हिस्की कायम उभी.

बूच ओढून काढू नका, तुटेल. बाटलीचा गळा गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने मिनिटभर धरा आणि बूच हळूहळू गोल फिरवत वर घ्या. तुटलंच तर तुकडा आत जाऊ द्या. मग कॉफी गाळायच्या कागदातून सगळी व्हिस्की छोट्या, स्वच्छ काचेच्या बाटलीत गाळा, अशा मापाच्या की ती गळ्यापर्यंत भरेल. निम्म्या बाटलीतली हवाच चव नेते. तुमच्या बाटलीत धार थोडी बोथट झालेली असेल, वास आधी विरळ वाटेल. पेल्यात ओतून दहा मिनिटं थांबा, मग बघा.

डिकँटर मात्र नको. जुन्या क्रिस्टलमध्ये शिसं असतं आणि मद्य महिनोन्‌महिने त्यात राहिलं की शिसं मद्यात उतरतं. पाहुणे आले की तासाभरापुरतं ओता, उरलं की परत बाटलीत. शोकेसचं उन्हाचं तोंडही वाईट, उजेडाने रंग आणि चव दोन्ही उतरतात. शोकेसमध्ये बाबांची रिकामी बाटली ठेवा, लेबल पुढे करून.

घर लहान, खर्च बेताचा. पाहुण्यांसाठी आणि अडीअडचणीला भेट द्यायला म्हणून तीनच बर्बन ठेवायच्या तर कोणत्या?
— एक वाचक, सिएटल

पहिली वाइल्ड टर्की १०१. ५०.५ टक्क्यांची, तीस डॉलरच्या आतबाहेर. तिथले नावाजलेले डिस्टिलर जिमी रसेल १९५४ मध्ये कामाला लागले आणि या बाटलीची चव त्यांनी स्वस्त होऊ दिली नाही. पाणी, बर्फ, सोडा, काहीही सोसते. दुसरी मेकर्स मार्क, गव्हाची, ज्यांना तिखट नको त्यांच्यासाठी. बुचावरच्या लाल मेणामुळे कागदात न गुंडाळताही भेटीसारखी दिसते. २०१३ मध्ये त्यांनी ४५ टक्क्यांवरून ४२ वर उतरायचं जाहीर केलं होतं, गिऱ्हाइकांनी इतका आरडाओरडा केला की आठवड्याभरात निर्णय मागे घेतला. मला त्या गिऱ्हाइकांचा अभिमान वाटतो. तिसरी नॉब क्रीक ९ वर्षांची, ५० टक्क्यांची, जेवणानंतर हळूहळू घेण्याजोगी.

भेटीसाठी यातली एक नेहमी सीलबंद ठेवा. ती कुणाला दिलीत तर पुढच्या वाणसामानाच्या खेपेत तिच्या जागी दुसरी आणा. उघडलेली बाटली निम्म्याच्या खाली गेली की दोन-तीन महिन्यांत मित्रांना बोलावून संपवा.